अटॅकनंतर व्हिटॅमिन ई सुरू करावं का? जरा सविस्तरच सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील 61 वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट पडला, इकोमध्ये पंपिंग (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) 45 टक्के. आता अमेरिकेतल्या चुलत भावानं एक लेख पाठवलाय की व्हिटॅमिन ई मधले घटक हृदयाला होणारी इजा कमी करतात. तर एव्हियन 400, म्हणजे दुकानात मिळणारी व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल, रोज सुरू करू का, आणि टोकोट्रायनॉल नावाचा तो महागडा प्रकार भावाकडून मागवून घेऊ का?

आधी उत्तर देऊन टाकतो, नको. हृदयासाठी म्हणून दोन्ही नको. पण भावानं पाठवलेलं सगळं खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण व्हिटॅमिन ई आणि हृदयाची इजा यांचा संबंध खराच आहे, लॅबमध्ये तो पुन्हा पुन्हा दिसलाय, फक्त लॅबमधली इजा आणि तुमच्या वडिलांना आता ज्याचा धोका आहे ती गोष्ट एक नाही. हे नीट कळलं की कॅप्सूलचा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो.

व्हिटॅमिन ई म्हणजे एकच पदार्थ नाही, आठ आहेत. चार टोकोफेरॉल (अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा) आणि त्याच चार नावांचे टोकोट्रायनॉल. आतड्यातून हे सगळेच आत येतात पण पुढं लिव्हरमध्ये एक प्रोटीन बसलेलं असतं, ते फक्त अल्फा टोकोफेरॉलला उचलून परत रक्तात सोडतं आणि बाकीच्यांना बहुतेक बाहेरचा रस्ता दाखवतं. अल्फा टोकोफेरॉलला धरायची त्याची ताकद 100 मानली तर गॅमा टोकोफेरॉलसाठी ती 9 च्या आसपास आणि अल्फा टोकोट्रायनॉलसाठी 12 च्या आसपास येते. हा आकडा लक्षात ठेवा, टोकोट्रायनॉलच्या वेळी लागेल.

आता इजा म्हणजे काय ते बघू. हृदयाची नळी बंद झाली की तिच्या पुढच्या स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही, साधारण वीस-तीस मिनिटांनंतर पेशी मरायला लागतात आणि पुढच्या काही तासांत मरणाचा तो भाग पसरत जातो. म्हणून आम्ही सगळे नळी उघडायच्या मागे लागलेले असतो, कॅथलॅब रात्री दोनलाही चालू करतो, ते शक्य नसेल तिथं गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो. आणि ते बरोबरच आहे, नळी न उघडण्यापेक्षा उघडणं कधीही चांगलं. पण नळी उघडल्यावर रक्त आत जातं तेव्हा एक दुसरी इजा होते, जी लोकांना माहीत नसते. कोरड्या पडलेल्या पाटात धरणाचं पाणी एकदम सोडलं की बांध फुटतात ना, तसं काहीसं. अचानक आलेल्या ऑक्सिजनमुळं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पहिल्या काही मिनिटांतच फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे समोर येईल त्याला बिघडवणाऱ्या रेणूंचा, लोंढा तयार होतो, पेशीत कॅल्शियम भरतं, मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोक पडतं आणि जी पेशी अजून वाचली असती ती मरते. मग पुढच्या तासांत न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिथं धावून येतात आणि साफसफाई करता करता आजूबाजूचं चांगलं पण जाळतात. याला रिपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात. डेरेक येलन आणि डेरेक हाउसेनलॉय या लंडनच्या दोघांनी 2007 मध्ये प्राण्यांवरच्या कामाचा आढावा घेऊन लिहिलं होतं की शेवटी जेवढा स्नायू मरतो त्यातला निम्म्यापर्यंतचा वाटा या दुसऱ्या इजेचा असू शकतो. निम्मा! आणि आजही आमच्याकडं त्याच्यावर रोजच्या वापरातलं असं एकही खात्रीचं औषध नाही. म्हणून या विषयात संशोधक अजून का चिकटून आहेत ते कळेल.

व्हिटॅमिन ई इथं कसं बसतं? पेशीचं आवरण चरबीचं असतं. फ्री रॅडिकल त्या चरबीच्या एका रेणूला लागला की तो बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो, शेजारचा पुढच्याला, अशी साखळी सुरू होते. अल्फा टोकोफेरॉल चरबीत विरघळणारं असल्यामुळं त्या आवरणातच बसलेलं असतं, ते स्वतःचा एक हायड्रोजन देऊन टाकतं आणि साखळी तिथंच तुटते. त्यात ते स्वतः अर्धवट रॅडिकल बनतं, मग व्हिटॅमिन सी येऊन त्याला परत मूळ रूपात आणतं. हे केमिस्ट्रीच्या पातळीवर पक्कं आहे, यात वाद नाही.

आणि व्हिटॅमिन ई नसेल तर हृदय बिघडतं हेही पक्कं आहे, पण त्याचे सगळ्यात स्पष्ट पुरावे माणसांत कमी आणि गोठ्यात जास्त सापडतात. डुकरांच्या पिल्लांमध्ये व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम कमी पडलं की हृदयात जागोजागी रक्तस्राव होऊन, चांगली धष्टपुष्ट दिसणारी पिल्लं अचानक मरतात. वासरं आणि करडांमध्ये स्नायू पांढरे पडायचा रोग असतो, त्यात हृदयाचा स्नायूही सापडतो, पशुवैद्य त्यावर ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन देतात. माणसात अशी कमतरता फार क्वचित, एखाद्या जनुकीय आजारात किंवा आतड्यातून चरबीच शोषली जात नसेल तेव्हा. आता इथं लोकांची उडी चुकते. कमी पडलं तर वाईट, म्हणजे जास्त दिलं तर आणखी चांगलं, असं शरीर चालत नाही. ज्याला कमी पडलेलंच नाही त्याच्यात वर आणखी ओतलं तर काय होतं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच तपासावा लागतो.

भावाच्या लेखात बहुतेक मेलबर्नचं काम असणार. तिथल्या बेकर इन्स्टिट्यूटमध्ये कार्लहाइन्झ पीटर यांच्या गटानं जर्मनीतल्या येना इथल्या लोकांबरोबर 2019 मध्ये एक अभ्यास छापला, उंदरांच्या हृदयाची नळी काही वेळ बांधून मग सोडली आणि अल्फा टोकोफेरॉल दिलं. ज्यांना दिलं त्यांच्यात हृदयाचं पंपिंग जास्त टिकलं, जळजळ कमी, न्यूट्रोफिल कमी आत शिरले. छान काम आहे, मला आवडलं, कारण त्यांनी नेमका तो इजेचा काळ पकडला, वर्षानुवर्षं गोळी खायला लावली नाही. पण बघा, उंदीर तरुण होता, त्याला शुगर नव्हती, बीपी नव्हतं, नळी कधी बंद होणार हे संशोधकाला आधीच माहीत होतं. आपल्याकडं पेशंट येतो तो छातीत दुखायला लागून चार तास घरी ॲसिडिटीची गोळी खाऊन. आणि तोंडानं घेतलेलं व्हिटॅमिन ई आतड्यातून लिम्फमध्ये, तिथून रक्तात, मग लिव्हर, मग परत रक्तात, असं फिरत हृदयाच्या आवरणापर्यंत पुरेसं साचायला बरेच दिवस घेतं. ॲम्ब्युलन्समध्ये कॅप्सूल गिळून काही होणार नाही. बायपासच्या आधी काही दिवस किंवा आठवडे ई देऊन बघणारे छोटे अभ्यास झालेत, तिथं तर ऑपरेशनची तारीख ठरलेली असते म्हणजे सोय होती, पण त्यातले निकालही उलटसुलट आले आणि ती पद्धत रूढ झाली नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर ती खिडकी दोन महिन्यांपूर्वीच बंद झालीय.

आता टोकोट्रायनॉल. हे पाम तेलात, राइस ब्रॅन तेलात असतात, शेपटी जरा वेगळी असल्यामुळं आवरणात चपळ फिरतात म्हणे, आणि कोलेस्टेरॉल बनवणारं जे एन्झाइम स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या) अडवतं तेच एन्झाइम गॅमा आणि डेल्टा टोकोट्रायनॉल पेशीत मोडून टाकायला लावतात, हे डिशमध्ये दिसलंय. ऐकायला भारी. पण वर सांगितलेलं लिव्हरचं प्रोटीन यांना फारसं उचलत नाही, रक्तात पातळी कमी राहते आणि काही तासांत उतरते. माणसांमध्ये कोलेस्टेरॉल उतरण्याचे निकाल कधी हो कधी नाही असे आहेत, आणि अटॅक किंवा मृत्यू कमी झाले असं दाखवणारी एकही मोठी ट्रायल नाही. शिवाय या क्षेत्रात एक जुना डाग आहे तो सांगायलाच हवा. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात दीपक दास नावाचे संशोधक होते, रेड वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉलसाठी जास्त प्रसिद्ध, पण पाम टोकोट्रायनॉल आणि हृदयाची इजा यावरचे बरेच पेपरही त्यांच्याच लॅबमधून आले. जानेवारी 2012 मध्ये विद्यापीठानं जाहीर केलं की त्यांच्या कामात डेटा बनवल्याच्या, फिरवल्याच्या 145 गोष्टी सापडल्या. सगळे टोकोट्रायनॉलवाले खोटे असं यातून निघत नाही, पण बाटलीच्या जाहिरातीत 'हृदयासाठी सिद्ध' लिहिलेलं दिसलं की मी आधी बघतो कुठल्या लॅबचं काम आहे.

माणसांवरचा इतिहास मजेशीर आहे. 1940 च्या दशकात कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या लंडन गावी इव्हान आणि विल्फ्रिड शूट हे डॉक्टर भाऊ हृदयरोग्यांना भरपूर व्हिटॅमिन ई द्यायला लागले आणि पेशंट बरे होतात असं सांगायला लागले. बाकीच्या डॉक्टरांना ते पटलं नाही, पण लोकांना पटलं, आणि ती हवा कधी पूर्ण गेलीच नाही. मग 1980 च्या दशकात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ऑक्सिडाइझ झाल्यावर जास्त घातक होतं ही थिअरी जोरात आली आणि 1993 मध्ये एकाच अंकात दोन मोठे अमेरिकन अभ्यास छापून आले, एक 87 हजारांवर नर्सेसचा, दुसरा जवळजवळ 40 हजार पुरुषांचा, दोन्हीत व्हिटॅमिन ई जास्त घेणाऱ्यांना हृदयरोग तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून थोडा जास्तच कमी. झालं, दुकानातून बाटल्या उडाल्या, डॉक्टर स्वतः खायला लागले. 1996 मध्ये केंब्रिजच्या 2002 पेशंटच्या ट्रायलमध्ये जीव न घेणारे अटॅक 77 टक्क्यांनी कमी आले, फक्त त्यात मृत्यू कमी झाले नव्हते, उलट किंचित जास्तच होते, ते कुणी फार वाचलं नाही.

मग मोठ्या ट्रायल आल्या आणि हवा निघाली. इटलीत अटॅक येऊन गेलेल्या 11,324 लोकांना, म्हणजे अगदी तुमच्या वडिलांसारख्यांना, रोज 300 मिलिग्रॅम दिलं, मुख्य निकालात फायदा नाही (1999). त्याच ओंटारिओतल्या हॅमिल्टनमधून, केरळातून तिकडं गेलेल्या सलीम युसुफ यांनी होप नावाची ट्रायल चालवली, 9,541 लोक, रोज 400 युनिट, साडेचार वर्षं. अटॅक, लकवा किंवा हृदयामुळं मृत्यू असं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत 16.2 टक्क्यांना झालं, खोटी गोळी घेणाऱ्यांत 15.5 टक्क्यांना. त्याच ट्रायलमध्ये रामिप्रिल ही साधी बीपीची गोळी मात्र घसघशीत कामाला आली, ती आज तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीत असेलही. ब्रिटनमध्ये 20,536 लोकांना ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊन बघितलं, रक्तातलं ई दुप्पट झालं, आजारावर काही परिणाम नाही, आणि त्याच लोकांत सिमव्हास्टॅटिननं जीव वाचवले (2002). अमेरिकेत जवळजवळ 40 हजार बायकांवर दहा वर्षं, एकूण फायदा नाही, हृदयामुळं होणारे मृत्यू मात्र 24 टक्के कमी दिसले, म्हणजे पूर्ण काळं-पांढरं चित्र नाही हे मान्य, पण पुढं 14,641 पुरुष डॉक्टरांवरच्या ट्रायलमध्ये तेही दिसलं नाही.

मग 1993 चं काय झालं? एक तर सोपं कारण, जो माणूस स्वतःहून व्हिटॅमिनची गोळी विकत घेतो तो सिगरेट कमी ओढतो, चालायला जातो, बीपी तपासतो, पैसेही बरे असतात, त्या सगळ्याचं श्रेय गोळीला गेलं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॅक्सन रॉबर्ट्स यांनी 2007 मध्ये मोजून दाखवलं की शरीरातलं ऑक्सिडेशन खरोखर लक्षात येण्याइतकं दाबायचं तर रोज 1600 युनिट किंवा जास्त, तेही 16 आठवडे द्यावं लागतं. म्हणजे ज्या कमी डोसवर या मोठ्या ट्रायल झाल्या त्यात ज्यासाठी औषध दिलं तेच काम नीट होत नव्हतं. मग कुणी म्हणेल की 1600 द्या की. तिथंच अडचण आहे, तो डोस अमेरिकेत ठरवलेल्या वरच्या मर्यादेच्याही वर जातो आणि जास्त डोसचे तोटे आपल्याला माहीत आहेत. त्यात आणखी एक गोष्ट, व्हिटॅमिन सी सारखा जोडीदार हाताशी नसेल तर अर्धवट रॅडिकल झालेलं टोकोफेरॉल स्वतःच एलडीएलमधली चरबी बिघडवू शकतं, सिडनीत रोलांड स्टॉकर आणि मंडळींनी हे दाखवलंय. आणि नुसतं अल्फा भरपूर घेतलं की रक्तातलं गॅमा टोकोफेरॉल खाली येतं, ते वेगळंच.

तोट्यांवर मी जरा थांबतो कारण 'व्हिटॅमिनच आहे, काय होतंय' हे वाक्य ओपीडीत रोज ऐकतो. होप ट्रायल पुढं एकूण सात वर्षांपर्यंत नेली तेव्हा व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर 13 टक्क्यांनी जास्त आणि त्यासाठी ॲडमिट व्हायची वेळ 21 टक्क्यांनी जास्त आली (2005). इटलीच्या ट्रायलमध्येही नंतर बघितल्यावर, ज्यांचं पंपिंग आधीच 50 च्या खाली होतं त्यांच्यात हार्ट फेल्युअर वाढल्याचं दिसलं. वडिलांचं पंपिंग 45 आहे. माझ्या दृष्टीनं प्रश्न इथंच संपतो. याशिवाय डॉक्टरांवरच्या त्या ट्रायलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन होणारा स्ट्रोक 74 टक्क्यांनी जास्त (एकूण आकडे लहान होते, पण दिशा चांगली नाही), आणि दुसऱ्या एका मोठ्या ट्रायलमध्ये रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी वाढला. स्टेंटनंतर वडील इकोस्प्रिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर घेत असणार, व्हिटॅमिन ई सुद्धा प्लेटलेट थोडे मंद करतं, वर तिसरं कशाला? आणि कुणाच्या घरी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, व्हॉल्व्ह बदललेला असेल, तर हे आणखी गंभीर, कारण मोठ्या डोसचं ई व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणतं आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) न सांगता वर जाऊ शकतो.

एक जागा आहे जिथं मला अजून उत्सुकता आहे, ती सांगतो. हॅप्टोग्लोबिन नावाचं रक्तातलं प्रोटीन असतं, मोकळ्या हिमोग्लोबिनला पकडायचं काम त्याचं. त्याचा 2-2 हा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्यात हे काम कच्चं होतं आणि शुगरही असेल तर ऑक्सिडेशन जास्त. इस्रायलमध्ये अशा 1,434 डायबेटिक लोकांना, 55 च्या पुढच्या, 400 युनिट दिलं तर दीड वर्षात अटॅक, स्ट्रोक, हृदयामुळं मृत्यू 4.7 टक्क्यांवरून 2.2 वर आले (2008). भारतात हा 2-2 प्रकार जगातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून आपल्याकडं यावर मोठं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण आज ही तपासणी रोजच्या लॅबमध्ये होत नाही, तेवढ्यावर गोळी द्या असं कुठलीही मोठी गाइडलाइन म्हणत नाही, आणि तुमच्या प्रश्नात वडिलांना शुगर असल्याचा उल्लेखही नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह टास्क फोर्सनं 2022 मध्ये पुन्हा सांगितलंय की निरोगी लोकांनी हृदयरोग किंवा कॅन्सर टाळायला व्हिटॅमिन ई घेऊ नये.

कॅन्सरवरून आठवलं, केमोतल्या डॉक्सोरुबिसिननं हृदय कमजोर होतं तिथंही हीच कहाणी झाली, 1977 मध्ये उंदरांत व्हिटॅमिन ई नं हृदय वाचलं, माणसांना दिलं तर नाही वाचलं. केमोवाल्या घरांनी पण हे स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

तर करायचं काय. जेवणातून येणारं ई चालू ठेवा, त्याला कुणाचीच हरकत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 15 मिलिग्रॅम पुरतं. सूर्यफूल तेलात 100 ग्रॅममागे 40 च्या आसपास, करडईच्या तेलात 34 च्या आसपास, बदामात 25, शेंगदाण्यात 8. म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडं घाण्याचं करडई तेल खाणाऱ्या घरात तेवढ्यासाठी वेगळं काही करायलाच नको, फक्त तेल मोजून वापरा, आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून तळण करू नका, त्यात ई पण जातं आणि बाकी नको ते तयार होतं. खोबरेल तेलात ई जवळजवळ नसतंच. याउलट 400 ची सिंथेटिक कॅप्सूल म्हणजे नव्या मोजणीनं 180 मिलिग्रॅम, रोजच्या गरजेच्या बारापट, जेवणाशी तिची तुलनाच नाही.

टोकोट्रायनॉलचे पैसे वाचवा आणि त्यात कार्डियाक रिहॅब, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेणारं केंद्र, असेल जवळपास तर तिथं नाव घाला. इकोस्प्रिन, दुसरी प्लेटलेटची गोळी आणि स्टॅटिन एक दिवसही चुकवू नका. पंपिंगसाठी दिलेल्या गोळ्यांचे डोस पुढच्या व्हिजिटला वाढवता येतील का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा, आणि नळी उघडल्यावर काही आठवड्यांनी सुन्न पडलेला स्नायू परत जागा होतो त्यामुळं पुन्हा इको कधी करायचा तेही विचारून ठेवा, 45 चे 50 झालेले मी भरपूर बघितलेत. पायात गोळे येतात म्हणून एव्हियन द्यायचा विचार असेल तर आधी स्टॅटिनमुळं आहे का ते तपासून घ्या. आणि फॅटी लिव्हरसाठी कुणी लिव्हरच्या डॉक्टरांनी आधीच व्हिटॅमिन ई लिहून दिलेलं असेल तर माझं वाचून परस्पर बंद करू नका, ते वेगळं कारण आहे. पंपिंगचा रिपोर्ट त्यांना दाखवा, आणि ते आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.